नव्वद पुरे

नांदेड, ९ डिसेंबर २०२४

प्रिय माणिकप्पा,
शरणार्थ.

पत्राला फार उशीर केला, आधी त्याची माफी मागतो. तुझी अक्का, माझी गुणाबाई, गेल्या आठवड्यापासून नांदेडच्या दवाखान्यात आहे आणि मी तुला आज कळवतो आहे. कामाच्या व्यापात राहून गेलं असं लिहिणार होतो. पण सत्तरी ओलांडलेल्या आणि सुनेनं सांगितलेली भाजीही चुकीची आणणाऱ्या माणसाला कसला व्याप? खरं कारण तू आहेस. तुला कळलं की तू ओरडणार, आणि तुझे कान गेल्यापासून तुझं ओरडणं मध्ये थांबवता येत नाही. मागच्या वेळी फोनवर मी बराच वेळ बोललो आणि शेवटी तू विचारलंस, कोण बोलतंय. म्हणून पत्र.

तिचा दमा तुला माहीत आहेच. जन्मभर ती चुलीपुढं फुंकणी घेऊन बसली. गॅस आला तरी भाकरी चुलीवरचीच पाहिजे हा हट्ट माझा, आणि फुफ्फुस मात्र तिचं. थंडी वाढली तशी धाप वाढली. मन्मथनं गाडी करून तिला उमरीहून इकडं आणलं. तुझा हा भाचा रेल्वेच्या ऑफिसात लागल्यापासून मला काही सांगत नाही, फक्त कळवतो. तिला आयसीयूत ठेवल्याचंही त्यानं असंच कळवलं.

आता माझी काळजी ऐक. वॉर्डात एका ओळीत खाटा आहेत. ऑक्सिजनची लाईन दाराकडून भिंतीतून येते आणि अक्काची खाट अगदी शेवटची, खिडकीपाशी. तू शेतकरी आहेस, तुला वेगळं सांगायला नको. कॅनॉलच्या शेवटाला, टेलवरच्या रानाला कधी पुरतं पाणी मिळालं आहे का? वरचे लोक दारं फोडून आपल्या उसाला घेतात आणि टेलवाला कोरड्या चारीत उभा राहतो. इथंही मला तोच संशय आहे.

तिच्या डोक्याशी एक लहान टीव्ही आहे, त्यावर ऑक्सिजनचा आकडा दिसतो. आणली त्या दिवशी अठ्ठ्याण्णव होता. मी निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी बघतो तर नव्वद. कोरोनात आपण सगळे एकच गोष्ट शिकलो, चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की गाडी काढायची. मी सातवी नापास माणूस, पण तो आकडा माझ्या डोक्यात असा बसला आहे की पाढे गेले तरी तो जात नाही. कोरोनातला बोटाला लावायचा चिमटा अजून माझ्या खिशात असतो. मी गुपचूप स्वतःला लावून पाहिला. सत्त्याण्णव. जन्मभर बिड्या ओढलेल्या माणसाला सत्त्याण्णव आणि विडीला न शिवलेल्या बाईला नव्वद.

तिथं अयोध्या नावाची सिस्टर आहे. मी तिला विचारलं, बाई, आमच्या खाटेला कमी का? ती म्हणाली की त्यांना एवढाच ठरवून दिला आहे, जास्त द्यायचा नाही. मी म्हणालो, मग आम्हाला दाराजवळची खाट द्या. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी बसमध्ये खिडकीची जागा मागितली होती. मन्मथला सांगितलं तर तो म्हणतो, बाबा, डॉक्टरांना कळतं. त्यांना कळतं यात मला शंका नाही. पण कॅनॉलचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यालाही सगळं कळत असतं.

भांडू की गप्प बसू? तुला या गोष्टीतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि ते कसं कळलं हे आठवून विचारायला लाज वाटते. तरी विचारतो. लवकर कळव.

तुझा,
अण्णाराव


मुरुड, ११ डिसेंबर

दाजी,
शरणार्थ. पत्र मिळालं. ओरडत नाही, लिहितो.

कोरोनात माझ्या लक्ष्मम्माचा आकडा एकाहत्तर होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर पडून होती. सिलेंडर येतंय, येतंय म्हणत होते. सिलेंडर आलं, पण कुणाला लावायचं ते राहिलं न्हाई. तेव्हा मला ऐकू येत होतं, दाजी. तिचा शेवटचा श्वास मी ऐकलेला आहे. त्यानंतर कान गेले तर मी डॉक्टरकडं सुद्धा गेलो नाही.

आकडा कमी करून ठेवलाय आणि तुम्ही खाटेची जागा मागता? भिंतीवर काचेची नळी असते, तिच्यात एक गोळी असते, खाली चावी. चावी फिरवली की गोळी वर चढते आणि ऑक्सिजन वाढतो. मला कुणी शिकवलं नाही, बघून शिकलो. सिस्टरची पाठ फिरली की चढवा. तिनं उतरवली की परत चढवा. एवढं तरी करा.

माझ्या मशीनची आठवण आहे ना? लक्ष्मम्मा गेल्यावर आणलेलं, हवेतून ऑक्सिजन काढणारं. रोज पुसतो. अमावस्येला चालवून बघतो. दसऱ्याला औतफाट्यासंगं त्याचीबी पूजा करतो. पोरगा दयानंद हसतो, म्हणतो, अप्पा, हे आता कुणासाठी? हे अक्कासाठीच होतं म्हणायचं. गरज पडली तर घेऊन येतो.

तिला कमी पडू देऊ नका.

माणिकप्पा


नांदेड, १४ डिसेंबर

प्रिय माणिकप्पा,

तुझं पत्र काल मिळालं. तू सांगितलंस तसं कालच संध्याकाळी केलं. गोळी वर चढली. आकडा नव्याण्णववर गेला. एवढे मार्क आमच्या घराण्यात आजवर कुणाला पडले नव्हते.

अक्का लगेच शांत झोपली. आज सकाळपासूनही झोपूनच आहे. डॉक्टरांनी आता दुसरं मशीन लावलं आहे, घट्ट मास्कचं. काळजी करण्यासारखं काही नाही. मला सध्या आत सोडत नाहीत, पण दवाखान्याचे नियम असतात, ते पाळावे लागतात. मी बाहेर बाकावर बसतो. बाक चांगला आहे.

तू येऊ नकोस. थंडी फार आहे. मशीन तर मुळीच आणू नकोस, रस्ता खराब आहे, आदळून फुटेल. दयानंदला फोन केला होता. तो म्हणाला, मी लातूरहून सांगितलेलं अप्पा ऐकत नाहीत, कागदावरचं तेवढं मानतात. म्हणून कागदावर लिहितो. येऊ नकोस.

अक्षर नीट नाही, मांडीवर पाटी नव्हती.

अण्णाराव


मुरुड, १६ डिसेंबर

दाजी,

नव्याण्णव वाचून डोळे भरले. पत्र लक्ष्मम्माच्या फोटोपुढं मोठ्यानं वाचलं. म्हणलं, बघ, तुझ्या वेळी जमलं नाही, अक्काच्या वेळी जमलं. माझं शिकणं वाया गेलं नाही. साडेतीन वर्षांत मला अशी झोप लागली नव्हती.

अक्का पण झोपली हे चांगलं झालं. दमेकऱ्याला झोप मिळत नाही, ऑक्सिजन मिळाला की लागते.

पण तुम्हाला आत सोडत नाहीत म्हणजे मागून ते परत कमी करणार. तुम्ही साधे आहात, तुम्हाला बाक दाखवला की बसता. मी रविवारी येतो. गावातली जीप सांगून ठेवली. मशीन गादीत गुंडाळून आणतो. जीपवाल्यानं बॅटरीवर चालवायची सोय करून दिली आहे. कागदावर सही करून अक्काला काढू आणि लातूरला आणू. वाटेत गोळी पार वर ठेवू, शंभराच्या खाली येऊ देणार नाही. तुम्ही फक्त मन्मथला गप्प करा.

माणिकप्पा


नांदेड, १९ डिसेंबर

प्रिय माणिकप्पा,

खरं सांगायला उशीर केला, त्याची माफी मागतो. या वेळची माफी रीतीची नाही. हे पत्र बसून वाच आणि पूर्ण वाच, मध्येच जीपवाल्याला हाक मारू नकोस.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नव्हतं. फक्त खरं अर्ध्यावर सोडलं, जसं शिक्षण सोडलं तसं.

त्या संध्याकाळी भेटीच्या वेळी आत गेलो तेव्हा अक्का चांगली जागी होती. नाकात नळी होती तरी मला बघताच सुरू झाली. माझ्या शर्टाच्या गुंड्या वरखाली लागल्या होत्या, दाढी केली नव्हती, आणि सुनेला मी किती त्रास देतो याचा तिला खाटेवर पडून सगळा अंदाज होता. तेवढ्यात पलीकडच्या एका खाटेवर नवीन पेशंट आणला आणि सगळे तिकडं धावले. मी उठून चावी फिरवली. आकडा चढायला लागला. चौऱ्याण्णव ओलांडला तेव्हा मी टीव्हीला हात जोडले. नव्याण्णवला पोचला तेव्हा मला वाटलं, टेलला पाणी आलं.

मला बाहेर काढायची कुणाला आठवण राहिली नाही, म्हणून मी बसून राहिलो. अक्काचं बोलणं हळू झालं, मग तुटक झालं, मग थांबलं. चेहऱ्यावर लाली आली होती. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण तिच्या शेजारी एवढी शांतता मला कधी मिळाली नव्हती. आणि माणिकप्पा, मला ती आवडली. मी तिच्या पायांवर शाल ओढली आणि स्वतःवर खूश होऊन बसलो. माझ्यासारखा मूर्ख त्या वेळी साऱ्या नांदेडात नसेल, आणि असला तरी तो एवढा समाधानी नसेल.

अयोध्या सिस्टर परत आली. तिनं आजी, आजी म्हणून हाका मारल्या. खांदा हलवला, मग चिमटा काढला. अक्कानं डोळे उघडले नाहीत. सिस्टरनं भिंतीवरच्या गोळीकडं पाहिलं आणि विचारलं, "ही कुणी चढवली?" मी खाली मान घालून चपलांकडं बघायला गेलो. आयसीयूत चपला बाहेर काढतात. नुसते पायच दिसले. मग शाळेत करायचो तसा हात वर केला.

त्यांनी मला बाहेर काढलं. काचेतून दिसत होतं, तिच्या मनगटातून रक्त घेतलं, तोंडावर घट्ट मास्क बांधला, मशीन आणलं. घशात नळी घालायचं सामानही खाटेशी आणून ठेवलं होतं. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं.

मला कळलं तसं तुला सांगतो. धुरानं फुफ्फुस जुनं झालं की आतली खराब हवा नीट बाहेर पडत नाही. शरीर थोडक्यात भागवायला शिकतं. अशा माणसाला एकदम भरपूर ऑक्सिजन दिला की ती खराब हवा आत साठत जाते, रक्तात चढते, माणसाला गुंगी येते आणि गुंगीत श्वास आणखी मंदावतो. टीव्हीवर मात्र नव्याण्णवच दिसत राहतो, कारण तो फक्त ऑक्सिजन मोजतो, साठलेलं मोजत नाही. म्हणून तिला अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच्या मध्ये धरून ठेवत होते. ती काटकसर नव्हती, ते तिचं माप होतं.

मी म्हणालो, बाई, ती किती छान झोपली होती. त्या म्हणाल्या, "झोपली नव्हती बाबा. बुडत होती."

गोळी चढवायला कुणी सांगितलं असंही त्यांनी विचारलं. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी म्हणालो, कुणी नाही, माझंच डोकं. त्यांनी माझ्या डोक्याकडं जरा वेळ पाहिलं आणि विश्वास ठेवला.

खाटेचाही उलगडा झाला. प्रत्येक खाटेला भिंतीत वेगळं तोंड आहे आणि शेवटच्या खाटेलाही पहिल्याइतकाच जोर आहे. मी उगाच दाराजवळच्या म्हाताऱ्याकडं पाणीचोर म्हणून बघत होतो. मग त्याच्या मुलाला एक डझन केळी देऊन आलो. का दिली ते त्याला अजून कळलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते सांगू? साऱ्या उमरीला मी सांगत फिरतो की हरभऱ्याला पाणी आवरून द्या. जास्त झालं की पानं माजतात, घाटे लागत नाहीत आणि मुळं सडतात. लोक माझं ऐकतात. आणि घरच्या माणसाच्या बाबतीत मी चारी फोडून मोकळा झालो. वर शेताकडं बघून म्हणालो, काय हिरवंगार दिसतंय.

दोन दिवस ती त्या मास्कवर होती. त्या दोन दिवसांत मी तुला लिहिलं की काळजीचं काही नाही आणि बाक चांगला आहे. नळी घालावी लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. मी काचेबाहेर उभा होतो. तिनं बराच वेळ माझ्याकडं पाहिलं, मग हात उचलून स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. मला वाटलं, छातीत दुखतंय. सिस्टरला बोलावलं. दुखत नव्हतं. माझ्या गुंड्या अजून वरखालीच होत्या.

आता तिच्या टीव्हीला आकडा खाली गेला की घंटी वाजते, तशी ब्याण्णवच्या वर गेला तरी वाजेल अशी सोय केली आहे. वाजली की सिस्टर लोक एकमेकींना म्हणतात, बाबांची घंटी वाजली. एवढ्या मोठ्या दवाखान्यात माझ्या नावाचं काहीतरी झालं. परवापासून मला परत आत सोडतात. हात मागं बांधून बसायचं आणि आकडा वर चालला तर सांगायचं, या अटीवर. पूर्वी आकडा उतरला की मी सिस्टरच्या मागं लागायचो, आता चढला की लागतो. तिची दोन्हीकडून सोय झाली.

आता तुझ्या रविवारचं. तू तिला काढून, गोळी पार वर ठेवून लातूरला निघालास, तर माणिकप्पा, जीप लातूरला पोचेल, तुझी बहीण पोचणार नाही. यापेक्षा स्पष्ट मला लिहिता येत नाही.

हे तुला कळवू नये असं वाटत होतं. तू लक्ष्मम्माच्या फोटोपुढं माझं पत्र वाचलंस, ते वाचून तर मी दिवसभर तुझा कागद खिशात घेऊन नुसता फिरलो. पण खिशातून कोपरा बाहेर आला होता आणि अक्काच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हणाली, वाचा. सगळं वाचून दाखवलं. फोटोचं आलं तेव्हा तिनं मला हातानं थांबवलं. मग थांबत थांबत, दम खात, जे बोलली ते तसंच लिहितो.

"माणिकला लिवा. लक्ष्मम्माला कमी पडलं. ते कुणालाबी आणता आलं न्हाई, त्याला बी न्हाई. त्याची चूक न्हाई ती. पन तिच्या वाट्याचं माझ्या नाकात भरू नको म्हणावं."

मग म्हणाली, नव्वद पुरे.

हे पत्रही फोटोपुढं वाच. लक्ष्मम्मा तुझ्यामाझ्यापेक्षा लवकर समजून घ्यायची. आणि मशीन विकू नकोस. ते वाईट नाही, फक्त अक्काचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी गेल्यावर हिला असं मशीन थोडंसं लागेलही, पण किती ते आम्ही ठरवू. 'आम्ही' म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

तू मात्र ये. येळवस, आपली वेळा अमावस्या, जवळ आली आहे. तिला अजून पातळच देतात, आणि ती कालपासून तुमच्या रानातल्या ताकाच्या आंबिलीचं नाव काढते आहे. गादीत गुंडाळून आणायचंच असेल तर आंबिलीनं भरलेलं बिंदगं आण. पाजायचं की नाही ते विचारूनच पाजू. मी आता पाणी पितानाही विचारतो.

आत्ता तिचा आकडा नव्वद आहे आणि ती माझ्या अक्षरावर बोलते आहे. पत्र पोचताच दयानंदकडून मन्मथच्या फोनवर एवढंच कळव, मशीन घरी राहिलं. ते कळेपर्यंत चिमटा माझ्या बोटाला आहे आणि माझा आकडा खाली चालला आहे. मला नव्वद पुरत नाही, माणिकप्पा. लवकर कळव.

तुझा,
अण्णाराव